कोह अंकलचे आक्षेप

किमया रामटेकेने क्लेमेंटी भागातली खोली घेतली त्याला दोन कारणं होती. विद्यापीठाकडे जाणारी बस इमारतीखालीच मिळायची, हे एक. दुसरं म्हणजे घरमालकीण कोह आंटी यांनी स्वयंपाकाबाबत एकच अट घातली होती, फोडणी देताना खिडकी उघडायची. त्याआधी किमयाने सात घरं पाहिली होती आणि त्यांतल्या पाच घरांत ‘लाइट कुकिंग’चा अर्थ पाणी उकळणं एवढाच होता. आंटींची अट ऐकल्यावर तिने तिथल्या तिथे होकार दिला.

खोली आंटींच्या मुलाची होती. फळीवर केमिकल इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं, कपाटावर एक पिवळं हेल्मेट आणि हेल्मेटवर जुरोंग आयलंडच्या कुठल्याशा प्लांटचा पुसट झालेला स्टिकर. मुलगा कुठे असतो, असं किमयाने सहज विचारलं. कोरियात, आंटी म्हणाल्या. कंपनीने पाठवलं असेल असं समजून किमयाने कौतुकाने सांगितलं, की आपण पीएचडी करतो तीही कोरियाच्याच इतिहासात. आंटींनी तिला खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं, किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिकडच्या सवयीने शेवटी ‘लाह’ जोडून म्हणाल्या, “अंकलना सांगू नको लाह.”

का सांगायचं नाही, हे कळायला तीन आठवडे लागले.

किमया मूळची नागपूरची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आई शाळेत शिक्षिका. घरासमोरच्या विहारात लहानपणापासून जाणं-येणं, त्यामुळे बौद्ध धर्माचा अभ्यास करायचा म्हटल्यावर घरात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. नवल वाटलं ते कोरियाचं. बाबा विहारात सगळ्यांना सांगत, पोरगी कोरियातल्या भंतेंवर पीएचडी करते, आणि पुढे कुणी काही विचारलं तर विषय बदलत.

गोष्ट अशी होती. सहाशे वर्षांपूर्वी कोरियात राजघराणं बदललं आणि नव्या दरबारात कन्फ्यूशियन पंडितांचं वजन वाढलं. त्यांनी भिक्खूंवर टीकेची झोड उठवली. हे लोक म्हाताऱ्या आईबापांना सोडून डोंगरात जाऊन बसतात. आईबापांनी दिलेलं शरीर, त्याचे केस भादरून टाकतात. लग्न करत नाहीत, म्हणजे वंश बुडवतात. शेत कसत नाहीत आणि दुसऱ्याने पिकवलेलं खातात. मठांच्या जमिनी गेल्या, भिक्खूंना राजधानीत यायची बंदी झाली. त्या दिवसांत काही भिक्खूंनी या टीकेला लेखी उत्तरं दिली. एकाचं तर सगळं शिक्षणच कन्फ्यूशियन शाळेत झालेलं होतं. त्याने न चिडता, न ओरडता, समोरच्याच्याच भाषेत एकेक मुद्दा सोडवत नेला. किमयाचा प्रबंध या उत्तरांवर होता.

आणि तो अडकला होता. तिच्या गाइड बाईंनी चौथं प्रकरण वाचून परत दिलं तेव्हा समासात एवढंच लिहिलं होतं, की तुझा भिक्खू दर वेळी जिंकतो, कारण समोर कुणी बोलतच नाही. त्याच्या विरोधात एखादा चांगला वकील उभा कर आणि मग मला सांग, त्याला कशाचं उत्तर देता आलं नाही. या एका शेऱ्यावर किमया चार महिने बसून होती.

कोह अंकल चौऱ्याहत्तर वर्षांचे. शाळेत अडतीस वर्षं चिनी भाषा शिकवून निवृत्त झालेले. सकाळचं चिनी वर्तमानपत्र ते लाल पेन हातात घेऊन वाचत आणि चुका दुरुस्त करत. भाडेकरूशी त्यांचं बोलणं म्हणजे सकाळी मान हलवणं आणि संध्याकाळी मान हलवणं. एका शनिवारी किमयाने जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ठेवले होते आणि ती आत पाणी प्यायला गेली. बाहेर येऊन पाहते तो अंकल तिच्या खुर्चीवर बसून मोठ्याने वाचत होते. कोरियातले त्या काळचे विद्वान जुन्या चिनी भाषेत लिहीत, त्यामुळे अंकलना ते वाचायला काहीच अडचण नव्हती. त्यांच्या हातात दरबारातल्या एका पंडिताने भिक्खूंवर केलेल्या जहाल टीकेची झेरॉक्स होती, आणि अंकल ती अशा चवीने वाचत होते की जणू सहाशे वर्षांपूर्वी कुणी त्यांच्याच मनातलं चोरून लिहून ठेवलं होतं.

“कोण आहे हा? फार चांगलं लिहितो,” ते म्हणाले.

किमयाने सांगितलं. अंकलनी मान हलवली, पण या खेपेला ती बराच वेळ हलत राहिली. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा वेई जे पाच वर्षांपूर्वी भिक्खू झाला होता. जुरोंग आयलंडवर चांगली नोकरी होती, रोज सकाळी कंपनीची बस खालून घेऊन जायची. एका सुट्टीत तो कोरियाला ट्रेकिंगला गेला, डोंगरातल्या एका मठात चार दिवस राहिला, परत येऊन सहा महिने गप्प गप्प होता आणि मग गेला तो गेलाच. वर्षातून दोन पत्रं येतात. अंकलनी एकालाही उत्तर दिलेलं नव्हतं. आंटी दर रविवारी खाली उतरतात आणि बाकावर बसून अर्धा तास फोनवर बोलतात, ते कुणाशी, हे आपल्याला माहीत नाही असं अंकल गेली पाच वर्षं दाखवत आले होते.

“पण आता मी उत्तर देणार आहे. इतके दिवस शब्द सापडत नव्हते,” झेरॉक्सवर बोट ठेवून ते म्हणाले.

इथे किमयाने आपण कुणाच्या बाजूने अभ्यास करतो हे सांगून टाकायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. अडतीस वर्षं मास्तरकी केलेला, जुनी चिनी भाषा तोंडपाठ असलेला आणि भिक्खूंवर मनापासून रागावलेला माणूस तिच्यासमोर बसला होता. गाइड बाईंनी मागितलेला वकील चालत येऊन टेबलाशी बसावा आणि आपण त्याला उठवावं, एवढी काही ती साधी नव्हती.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघं टेबलाशी बसू लागले. अंकल एकेक आक्षेप वहीत मांडत आणि किमयाला विचारत, यावर तो काय म्हणेल? किमया सांगे, की अमुक भिक्खूने यावर असं म्हटलं होतं. आईबापांची सेवा घरात राहूनच होते असं नाही. मुलाच्या चांगुलपणाने त्यांचं नाव झालं तर तीही सेवाच. अंकल खोडून काढत. नाव झालं म्हणून आईच्या पिशव्या वर कोण आणून देतो? किमया ते लिहून घेई. शेत न कसता खाण्याचा मुद्दा आला तेव्हा तिने सांगितलं, की शिकवणारा माणूसही नांगर धरत नाही, असं उत्तर देता येईल. अंकलनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, आपण अडतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत, नांगर त्यापेक्षा हलका असतो. आंटी भाजी निवडता निवडता हे सगळं ऐकत आणि मधूनच काही न बोलता फळं कापून दोघांच्या मध्ये ठेवत.

किमयाचं बिंग फुटलं ते माशामुळे. एका शुक्रवारी आंटींनी आलं आणि सोया सॉस घालून वाफवलेला मासा केला होता. अंकल दयेवर बोलत होते. दया ही मूळ कन्फ्यूशियन गोष्ट, तिच्यातसुद्धा मर्यादा हवी, सज्जन माणूस गळाने मासा धरतो, जाळं टाकत नाही, वगैरे. किमयाच्या तोंडून निघून गेलं, “यावर तो भिक्खू विचारतो की गळ काय आणि जाळं काय, माशाला काय फरक पडतो? दया असेल तर ती अर्ध्यावर का थांबते?”

ती हे इतक्या आवेशाने बोलली की अंकलची चॉपस्टिक वाटेतच थांबली. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग किमयाकडे.

“तू त्यांच्या बाजूची आहेस,” ते म्हणाले.

तिने कबूल केलं. प्रबंध भिक्खूंच्या उत्तरांवर आहे, घरचे सगळे बौद्ध आहेत, आणि हे आधी सांगायला हवं होतं, तेही कबूल केलं. मनातल्या मनात तिने सामानाची बांधाबांधसुद्धा सुरू केली. अंकलनी माशाचा गालाजवळचा तुकडा, जो सगळ्यांत चांगला म्हणून मोठ्यांना वाढतात, तो काढला आणि किमयाच्या भातावर ठेवला.

“मग बरं झालं. शत्रूच्या घरातला माणूस सापडला. मंगळवारी अर्धा तास लवकर बस.”

पत्र अकरा पानांचं झालं. शेवटचं पान अंकलनी किमयाला दाखवलं नाही. आंटींनाही नाही. ब्रशने लिहिलेलं ते पत्र जाड पाकिटात घालून त्यांनी स्वतः टपालात टाकलं आणि मग रोज दुपारी खाली जाऊन टपालपेटी उघडून पाहण्याचा त्यांना नाद लागला. किमयाचं चौथं प्रकरण दरम्यान दुप्पट झालं. गाइड बाईंनी हा विरोधी पक्ष कुठून आणला असं विचारलं, तेव्हा तिने तळटीप कशी द्यायची हे विचारून घेतलं.

सहा आठवड्यांनी पार्सल आलं. आत वेई जेची एक चिठ्ठी होती आणि चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांतले कागदांचे चार जुडगे. चिठ्ठीत लिहिलं होतं, की बाबांचं पत्र त्याने मठातल्या वृद्ध गुरूंना दाखवलं. गुरूंनी ते दोनदा वाचलं, इतकी चांगली टीका आपल्यावर फार वर्षांत कुणी केली नव्हती असं म्हणाले, आणि पहिली दहा पानं मठाच्या अभ्यासवर्गाच्या भिंतीवर लावून टाकली. वर्गात जुनी चिनी भाषा शिकणारे पाच भिक्खू आहेत. त्यांना या टीकेला लेखी उत्तर द्या, असा गृहपाठ मिळाला. सोबत उत्तरं पाठवत आहे. बाबांनी कृपया पाहावीत.

अंकल रागावतील असं आंटींना वाटलं होतं. अंकलनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि तपासायला बसले. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. एक जण पूर्वी बँकेत होता आणि त्याची वाक्यरचना चलनासारखी होती. एकाचं वय एक्कावन्न, अक्षर सुरेख, पण मुद्दा सोडून भलतीकडेच जाण्याची सवय. तिसऱ्याने केसांच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर अंकलनी किमयाला बोलावून वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, की आईने दिलेले केस मी टाकले, पण आईने दिलेली भूक अजून जपून ठेवली आहे, आणि दर जेवणाला तिची आठवण येते. हे उत्तर नाही, असं अंकल म्हणाले. तरी त्याला दहापैकी आठ दिले.

मात्र उत्तरं चारच होती. वर्गात पाच जण होते आणि पाचवा कोण, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही.

त्याच सुमारास आंटींच्या गुडघ्याने अखेर हात टेकले. ऑपरेशनची तारीख मिळाली, चौदा. आंटींनी निक्षून सांगितलं, की वेई जेला कळवायचं नाही. तो तिथे काय करणार, उगाच जिवाला घोर. रविवारच्या फोनवर त्या गुडघा ठणठणीत असल्याचं सांगून आल्या, आणि परत येताना लिफ्टपासून दारापर्यंत भिंत धरून आल्या.

तीन तारखेला सकाळी अंकलनी तपासलेले कागद पाकिटात घातले आणि किमयाला म्हणाले, विद्यापीठात जाताना टपालात टाक, साध्या टपालाने. पाकीट उघडंच होतं. पोस्टाच्या रांगेत उभी असताना किमयाने आतला शेवटचा कागद पाहिला. पाचव्या विद्यार्थ्याच्या नावाने अंकलनी एक कोरा कागद जोडला होता. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘गैरहजर. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन चौदा तारखेला.’

किमया रांगेतून बाजूला झाली. साध्या टपालाने हे पाकीट त्या डोंगरात पोचायला दोन आठवडे लागणार होते. म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावर. अडतीस वर्षं वेळापत्रक पाळलेल्या माणसाला हे कळत नसेल? नक्की कळत होतं. कळवलं असंही व्हावं आणि बोलावलं असं होऊ नये, अशा बेताने त्यांनी ते लिहिलं होतं. तिला आपले बाबा आठवले. मागच्या दिवाळीत बाबा स्कूटरवरून पडले होते, आणि ते तिला कळलं प्लास्टर निघाल्यावर. तेव्हा ती फोनवर भांडली होती आणि बाबा म्हणाले होते, सांगून काय, तू काय तिथून पट्टी बांधणार होती?

ती पुन्हा रांगेत उभी राहिली आणि पाकीट कुरियरने पाठवलं.

आठ तारखेला आंटींच्या फोनवर मेसेज आला. गुरूंची परवानगी मिळाली, बाराला येतो, दहा दिवस राहीन. आंटींनी तो नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवला. अंकल वर्तमानपत्र वाचत राहिले आणि त्यांनी एक अगदी बरोबर असलेलं वाक्य लाल पेनाने दुरुस्त केलं. मग किमयाकडे न बघता म्हणाले, “साधं टपाल पाच दिवसांत पोचत नाही.”

“नाही पोचत,” किमया म्हणाली.

त्या संध्याकाळी अंकलनी एक निराळाच प्रश्न काढला. भिक्खू घरी आला तर वाकायचं कुणी? गृहस्थाने भिक्खूला वंदन करायचं, हा त्यांचा नियम. मुलाने बापाला वंदन करायचं, हा आपला. तिच्या कागदांत यावर काय लिहिलं आहे? किमयाने सगळे कागद धुंडाळले. या एका प्रश्नावर राजे आणि भिक्खू शेकडो वर्षं भांडत आले होते आणि तोड कुणालाच सापडलेली नव्हती. अंकल दोन दिवस चिंतेत होते. त्यांना ऑपरेशनपेक्षाही दाराचीच काळजी जास्त होती, असं आंटींनी किमयाला सांगितलं.

शेवटी किमयाने नागपूरला फोन लावला. बाबा आधी हसले आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती तिने पूर्वी कधी ऐकली नव्हती. नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी विहारात श्रामणेर शिबिर केलं होतं, म्हणजे दहा दिवस भिक्खू होऊन राहणं. डोकं भादरलं, चीवर घातलं. शिबिरात श्रामणेराला सगळे वंदन करतात, आईबापसुद्धा. चौथ्या दिवशी त्यांची आई आली. तीन वेळा वाकून वंदन केलं आणि उठता उठता म्हणाली, की नळ आले आहेत आणि घरची टाकी रिकामी आहे. बाबांनी भंतेंकडे पाहिलं. भंते म्हणाले, जाऊन ये. मग बाबांनी चीवर सावरून चाळीस बादल्या वर नेल्या आणि सगळी वस्ती बघायला जमली.

“तिला लाज नाही वाटली, पोटच्या पोरापुढे वाकायची?” किमयाने विचारलं.

“मीही हेच विचारलं होतं. म्हणाली, मी चिवराले वाकली, तुले कायले वाकू?”

किमयाने हे अंकलना जसंच्या तसं सांगितलं. चाळीस बादल्यांना ते हसले. घरात राहायला आल्यापासून तिने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग ते वाक्य त्यांनी तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि वहीत उतरवून ठेवलं.

बारा तारखेला अकराच्या सुमाराला दार वाजलं. करड्या रंगाच्या सैल कपड्यांत, पाठीवर कापडी पिशवी घेतलेला, बराच वाळलेला एक माणूस दारात उभा होता. त्याचे कान अंकलसारखे होते. किमया स्वयंपाकघराच्या दारात मागे सरली. वेई जेने चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि कुणी काही बोलायच्या आत फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून आईला वंदन केलं. आंटी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, त्यांना उठता येईना. मग त्याने वडलांकडे वळून तसंच वंदन केलं.

अंकल ताठ उभे होते. “भिक्खूने गृहस्थाला वाकायचं नसतं. तुमचा नियम आहे, मी वाचला आहे.”

“आहे नियम. परत गेल्यावर गुरूंना सांगेन,” जमिनीवरूनच वेई जे म्हणाला.

तो उठून उभा राहिला. अंकलचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. ते वर आले, छातीशी जुळले आणि मान किंचित झुकली. नजर मुलाच्या तोंडाकडे नव्हती, त्या करड्या कापडाकडे होती. हे सगळं इतकं चटकन झालं, की थंडी वाजली म्हणून हात चोळले असं कुणी म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. पाच वर्षं एक टिपूस न काढलेल्या कोह आंटी त्या क्षणी रडायला लागल्या, आणि काय करावं हे दोघाही पुरुषांना कळेना. म्हणून किमयाने चहा ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. वेई जे हॉस्पिटलमध्ये आईजवळ बसे, सकाळी बाजारातून भाजी आणे, आणि मठात बॉयलर तोच सांभाळतो हे कळल्यावर अंकलनी त्याच्याकडून बाथरूममधला गेले वर्षभर रुसलेला हीटर दुरुस्त करून घेतला. त्याचं बोलणं साधं होतं, थोडं मिस्कील. किमयाच्या प्रबंधाबद्दल त्याने बारकाईने विचारलं. आपल्या खोलीत भिक्खूंवर प्रबंध लिहिला जातो आहे, याची त्याला फार मजा वाटली. स्वतः तो बैठकीच्या खोलीत चटई टाकून झोपे.

आंटी घरी आल्या त्या दुपारी जेवणं झाल्यावर अंकलनी अखेर विचारलं. इतर चौघांनी गृहपाठ दिला, तू का दिला नाहीस? आवाज अगदी मास्तरांचा होता.

वेई जेने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. तो अंकलच्याच पत्राचा होता, अकरावं पान.

“भिंतीवर दहाच पानं लावली. हे मी कुणाला दाखवलं नाही, गुरूंनाही नाही. दहा पानांना उत्तरं आहेत बाबा, ती चौघांनी दिली, त्यांच्या आधीही पुष्कळांनी दिली आहेत. याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सहा आठवडे रोज लिहायला बसत होतो.”

पान टेबलावर पडलं होतं. आंटींनी हात पुढे करून ते घेतलं आणि वाचलं. त्यावर एकच ओळ होती. नंतर आंटींनी ती किमयाला इंग्रजीत सांगितली: तू गेल्यापासून तुझी आई स्वयंपाक करताना गात नाही.

“मी गात होते?” आंटींनी विचारलं.

बाप आणि मुलगा दोघंही एकदमच हो म्हणाले. फार बेसूर, अंकलनी पुढे जोडलं. आंटींना हे इतकं लागलं की त्यांनी तिथल्या तिथे होक्कियन या चिनी बोलीतलं एक जुनं गाणं म्हणून दाखवलं. ते खरोखरच बेसूर होतं. वेई जे डोळे मिटून ऐकत होता. त्याला उत्तर सापडलं असं काही झालं नाही. दहा दिवस संपल्यावर तो परत जाणार होता आणि हे चौघांनाही माहीत होतं.

तो गेला. अंकल त्याला सोडायला विमानतळापर्यंत गेले, आणि निघताना बँकवाल्या विद्यार्थ्यासाठी व्याकरणाची दोन टिपणं सोबत दिली.

किमयाने चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. अकराव्या पानाचं तिने त्यात काही घातलं नाही, ते तिचं नव्हतं. पण जुने कागद पुन्हा वाचताना तिला दिसायला लागलं, की त्या काळच्या टीकाकारांनी आईबापांचं नाव घेऊन पानंच्या पानं भरली होती आणि भिक्खूंनी तितक्याच पानांत उत्तरं दिली होती, मात्र एकाही आईला किंवा बापाला काय वाटतं, हे त्या कागदांत तिला कुठेच सापडेना. भिक्खू वादात हरला नव्हता, त्याला तो प्रश्न कुणी घातलाच नव्हता. गाइड बाईंनी या वेळी समासात बरंच लिहिलं, आणि शेवटी ‘पुढे जा’ असं लिहिलं.

मठाच्या गुरूंनी अंकलना हिवाळ्यात तीन आठवडे शिकवायला या, असं निमंत्रण दिलं. अंकलनी दोनदा नकार दिला. नांगर न धरणाऱ्यांच्या पंगतीला बसणार नाही, हे त्यांचं कारण. तिसऱ्यांदा आंटी म्हणाल्या, की नवा गुडघा बसवला आहे आणि जन्मात बर्फ पाहिलेलं नाही. डिसेंबरात दोघं गेले. घर आणि कुंड्या किमयाच्या ताब्यात.

पाचव्या दिवशी अंकलचा फोन आला. तक्रारी पुष्कळ होत्या. पहाटे तीनला उठवतात, जेवणात लसूण नाही, आंटी बर्फात लहान मुलीसारखी हिंडते आणि ऐकत नाही. पण फोन त्यासाठी नव्हता. एक्कावन्न वर्षांच्या विद्यार्थ्याने आज वंशाच्या मुद्द्यावर त्यांना कोंडीत पकडलं होतं आणि त्या जुन्या पंडिताने तिथे नेमकं काय म्हटलं आहे, ते अंकलना आठवत नव्हतं.

“तुझी झेरॉक्स काढ. तिसरं पान, उजवीकडून वाच. आणि सावकाश वाच, सगळे थांबले आहेत.”

किमयाने फोन स्पीकरवर ठेवला आणि कागद काढायला घेतले.